एकोणचाळीस मिनिटांचा चमत्कार

"सरका, सरका मागे! तिला श्वास घेऊ द्या!"

फुंकरबाबाचा चेला दोन्ही हात पसरून गर्दी रेटत होता. 'तिला' म्हणजे दवाखान्याच्या रुग्णवाहिकेला. भर दुपारचं ऊन आणि दवाखान्याच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून रुग्ण डोकावत होते, सलाइनची नळी सांभाळत एकजण जिन्यात येऊन उभा राहिला होता. मधोमध बॉनेट उघडलेली पांढरी गाडी, आणि तिच्याभोवती उघड्या अंगाने गरगर फिरणारा फुंकरबाबा. दर फेरीला तो थांबायचा, गाल भोपळ्यासारखे फुगवायचा आणि इंजिनावर फुंकर मारायचा.

"हे लोखंड नाही रे!" तो गरजला. "हे पोट आहे पोट! ह्या पोटात एक जीव कोंडलाय! किल्ली माणसाच्या हातात, पण सुरुवात तिच्या मर्जीत!"

"तिच्या मर्जीत!" गर्दीने री ओढली.

"कुणी धक्का मारायचा नाही! मेलेल्याला धक्का मारला की तो जित्याला ओढून नेतो!"

स्टिअरिंगवर बसलेला ड्रायव्हर घामाने निथळत होता. एकोणीस वर्षं तो ही नोकरी करत होता आणि सगळा गाव त्याला मामा म्हणायचा. त्याच्या मागे, स्ट्रेचरवर शाळेसमोरचा वह्यापेन्सिलींचा दुकानदार आडवा होता. छातीत कळ आली म्हणून त्याला स्कूटरवर मधे बसवून आणलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "इथे नाही जमणार. मोठ्या रुग्णालयात न्या, ताबडतोब." मोठं रुग्णालय तीस किलोमीटरवर. मामाने किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. इंजिन काही हललं नाही.

मग नेहमीप्रमाणे कुणीतरी बाबाकडे धावलं.

दुकानदाराची बायको मागच्या दारापाशी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. बाई ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या. एक हात नवऱ्याच्या पावलावर आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर. मामाने आरशातून दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा नजर वळवली.

अखेर चेला पाण्याचा घडा घेऊन गाडीखाली सरपटत शिरला. "चारी चाकांना मंतरलेलं पाणी!" बाबाने पुकारलं. थोड्या वेळाने त्याने मामाच्या दिशेने बोट केलं. मामाने डोळे मिटून किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडून सुरू झालं.

काय तो जल्लोष! माणसं बाबाच्या पायावर कोसळली. त्या गदारोळातून वाट काढत गाडी बाहेर पडली. मामाने जीव तोडून पळवली. नदीच्या पुलावर पोचले तेव्हा मागून बाईंचा आवाज आला. अगदी हळू.

"मामा, आता सावकाश चालवलंत तरी चालेल."

*

गावात त्या दिवशी चर्चा झाली ती बाबाने गाडी सुरू केल्याची. माणूस गेला त्याचं काय? "त्याची वेळच भरली होती," लोक म्हणाले, "बाबाने आपलं काम केलं."

भुताची गोष्ट सुरू होऊन वर्ष झालं होतं. दवाखान्यात चादरी धुणाऱ्या मावशीची लेक पहिल्या बाळंतपणात अडली आणि ह्याच गाडीत, वाटेतच गेली. पोरही गेलं. त्यानंतर आठवड्याभरात गाडी अडायला लागली. रोज नव्हे. कधी दोन-दोन महिने सुरळीत, तर कधी एका दिवसात दोनदा. गॅरेजवाल्या मिस्त्रीला बोलवावं तर तो तासाभराने उगवायचा, किल्ली फिरवायचा आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! "काही झालेलं नाही मामा," तो हसायचा, "तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे."

आणि एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. गाडी अडायची ती नेमकी मरणाच्या दारातल्या माणसाला घेऊन निघताना. पाय मुरगळलेल्याला घरी सोडायला निघावं तर गाडी मुकाट चालायची. मग फुंकरबाबाने निदान केलं, "ती एकटी आहे. तिला सोबत हवी आहे."

हे त्याने मावशीच्या देखत सांगितलं. तेव्हापासून मावशी रोज काम आटोपलं की गाडीपाशी येऊन बसायची. बॉनेटला पाठ टेकून हळू आवाजात बोलायची. काय बोलायची ते मामाने कधी ऐकलं नाही. ऐकायचं धाडसच नव्हतं. त्या पोरीने शेवटच्या वळणावर मागून हात घालून त्याच्या शर्टाची बाही धरली होती. "मामा, लवकर," एवढंच म्हणाली होती. बाबा खोटं बोलतोय असं मामाला अधूनमधून वाटायचं, पण त्या बाहीची आठवण झाली की वाटायचं, असेलही ती इथेच. माझ्यावर रागावलेली.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना कुणी विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "लोकांना बरं वाटतं ना? मग आपण कशाला मधे पडा."

*

पंधरा दिवसांनी बाई आल्या. मामा गाडी धूत होता. त्यांना पाहून त्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"मामा, मला एवढंच कळायला हवं आहे, की ती का सुरू झाली नाही."

"बाई, माझ्या हातात काही..."

"तुम्हाला दोष द्यायला नाही आले. गाडीची नोंदवही आहे ना? दाखवा."

दवाखान्याच्या मागच्या पायरीवर दोघं बसले. वर्षभराच्या नोंदी. किती वाजता निघाली, कुठून आली, किती किलोमीटर. गाडी अडली त्या दिवसांवर मामाने पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती. भीतीपोटी मारलेल्या फुल्या, पण आता कामाला आल्या.

"अडते तेव्हा दिवे लागतात?"

"लख्ख."

"हॉर्न?"

"कान फाटतील इतका."

"म्हणजे बॅटरी मेलेली नाही. आवाज काय येतो?"

"नुसता टक. बास."

बाईंनी बोट एकेका फुलीवरून खाली नेलं. "सकाळच्या पहिल्या फेरीला एकदा तरी अडली?"

मामाने पानं उलटली. मग पुन्हा उलटली. "नाही."

"संध्याकाळी गार झाल्यावर?"

"नाही."

"हे बघा. दगडखाणीवरून आली, दहा मिनिटं थांबली, अडली. पलीकडच्या वस्तीवरून आली, पाव तास थांबली, अडली. आमच्या दिवशी?"

"खाणीवरूनच आलो होतो. पाय मोडलेला कामगार घेऊन. इंजिन बंद केलं. धूर वॉर्डात जातो म्हणून बंद करायचा हुकूमच आहे."

"म्हणजे लांबून तापून आली आणि लगेच पुन्हा निघायची वेळ आली, की अडते. पाऊण-एक तास उभी राहिली की अडत नाही. मामा, दवाखान्यातून लगेच पुढे कुणाला न्यावं लागतं?"

 उत्तर मामाच्या जिभेवर आलं, आणि ते इतकं साधं होतं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"जो मरायला टेकलाय त्याला."

"पाय मुरगळलेला तासभर बाकावर बसतो. तोवर गाडी गार होते. भूत माणसं निवडत नव्हतं. घाई आहे त्यांनाच ही गाडी तापलेली मिळत होती."

"पण बाई, सुरुवात झाली ती मावशीची लेक गेली त्याच आठवड्यात. ते कसं?"

"त्या आठवड्यात आणखी काय काय झालं ते बघा."

नोंद तिथेच होती, मामाच्याच अक्षरात. पोर गेल्याच्या चौथ्या दिवशी: सायलेन्सर व पुढचा पाइप बदलला.

मामा उठला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला. इंजिन सुरू करून देणारी छोटी मोटर, म्हणजे स्टार्टर, आणि त्याच्या अगदी कुशीतून गेलेला धुराचा नवा पाइप. मधे पूर्वी एक पत्रा असायचा, पाइपाची धग अडवणारा. पत्र्याचे दोन बोल्ट होते तिथे आता नुसती भोकं होती. पाइप बदलताना मिस्त्रीने पत्रा काढला आणि परत बसवायचा विसरला. इतकंच.

त्यांनी तीन दिवस चाचणी घेतली. खाणीपर्यंत जाऊन यायचं, दहा मिनिटं थांबायचं, किल्ली फिरवायची. टक. पहिल्या दिवशी नुसते थांबले. बरोबर पन्नास मिनिटांनी गाडी आपली आपण सुरू झाली. ना मंत्र, ना फुंकर. दुसऱ्या दिवशी मामाने ओलं फडकं स्टार्टरला गुंडाळलं. नऊ मिनिटांत सुरू. तिसऱ्या दिवशीही नऊच.

बाईंनी हातातली वही मिटली. 

"आमच्या दिवशी मी घड्याळ बघत होते. चेला घडा घेऊन गाडीखाली गेला तो तिसाव्या मिनिटाला. गाडी सुरू झाली एकोणचाळिसाव्या. नऊ मिनिटं, मामा."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"चाकांना पाणी घालायला गाडीखाली कशाला शिरावं लागतं? त्याला नेमकी जागा ठाऊक होती. आल्या आल्या ओतलं असतं तर पुढच्या दहा मिनिटांत आम्ही रस्त्यावर असतो. पण तेव्हा गर्दी जमली नव्हती ना."

 वर्षभर डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट मामाला आता दिसली. ह्या गाडीच्या बॉनेटची कडी चावट होती. डाव्या हाताने वर दाबून उजव्या हाताने तिरकी ओढल्याशिवाय उघडत नसे. नवे ड्रायव्हर दहा-दहा मिनिटं झगडायचे. फुंकरबाबा मात्र आभाळाकडे बघत बडबडत असायचा आणि हात आपसूक कडी उघडायचे. ते हात फुंकर मारणाऱ्याचे नव्हते. कधीतरी अशाच गाड्यांखाली काळे झालेले ते हात होते.

"उद्याच पत्रा बसवून टाकतो," तो म्हणाला.

"नाही. पत्रा बसवलात तर गाडी सुधारेल आणि नाव होईल बाबाचं. आधी सगळ्यांसमोर अडू द्या."

*

मोठ्या डॉक्टरांना बाईंनी नोंदवही दाखवली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी त्यांनी मोठ्या रुग्णालयाला फोन करून त्या दुपारपुरती दुसरी गाडी मागवली आणि ती फाटकाबाहेर उभी राहिली, म्हणजे कुणाच्या जिवावर बेतायला नको.

मामा खाणीवरून आला, रिकामी गाडी आवारात लावली आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. टक. बातमी फिरायला वेळ लागला नाही. अर्ध्या गावाच्या आधी फुंकरबाबा हजर.

"आज कुणाची पाळी?" त्याने डोळे फिरवले. "कोण आहे आत?"

"आत कुणी नाही," बाई पुढे झाल्या. "तुम्ही चमत्कार करा. अट एकच. चेला गाडीखाली जाणार नाही आणि घडा माझ्यापाशी राहील."

बाबाच्या फुगलेल्या गालातली हवा क्षणभर निघून गेली. पण मुरलेला माणूस. "दुःखाने बाईंचं डोकं फिरलंय," तो गर्दीला म्हणाला. "पाण्याशिवाय आत्मा शांत कसा व्हायचा?"

"मग माझ्या हाताने चाकांवर ओतते. चारी चाकांवर, वरून. मंतरलेलं तर आहेच ना? चला, सुरू करा."

लोक बघत होते. नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबा फिरला, फुंकला, किंचाळला. बाईंनी चाकांवर घडा रिता केला. दहाव्या मिनिटाला किल्ली. टक. पंधराव्या मिनिटाला किल्ली. टक.

"इथे नास्तिक उभा आहे!" बाबा कडाडला. "तिचा कोप झालाय! आता गाडीला हात लावील तो आठ दिवसांत मरेल!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. बाई गाडीच्या मागे गेल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे मागच्या दाराला टेकवले.

"मामा, दुसरा गिअर टाका."

त्या एकट्या रेटू लागल्या. गाडी तसूभर हलली नाही. हसायचीही कुणाची हिंमत नव्हती. तेवढ्यात गर्दी फोडून कुणीतरी आलं, साबणाने पांढुरके पडलेले हात त्यांच्या हातांशेजारी टेकवले. चादरी धुणारी मावशी.

"मी मेले तर लेकीकडेच जाईन," ती म्हणाली. "रेटा."

मग एका रुग्णाचा भाऊ आला. मग दुकानदाराला त्या दिवशी आणणारा स्कूटरवाला. मग सहा-सात जण. गाडी दहा पावलं सरकली, मामाने क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन सुरू झालं.

कुणी जल्लोष केला नाही. इंजिनाचा आवाज तेवढा आवारात घुमत राहिला.

बाईंनी मग वर्गात सांगावं तसं सांगितलं. पाइप तापतो, धग स्टार्टरला लागते, तापलेला स्टार्टर इंजिन फिरवू शकत नाही. गार झाला की फिरवतो. पाण्याने लवकर, नुसता ठेवला तर उशिरा. इंजिन चांगलंच आहे, म्हणून ढकललं की लगेच सुरू होतं. "आत्मा इंजिनात कोंडलेला असता तर ढकलल्यावर का सोडलं त्याने? आणि धक्का मारू नका असं कोण सांगत होतं? ज्याचं दुकान धक्क्याने बंद पडलं असतं, तो."

मामा गाडीतून उतरला. त्याने ठरवलं नव्हतं, पण बोलायला लागला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ढकलून गाडी सुरू होते हे मला एकोणीस वर्षं ठाऊक आहे. पूर्वी किती वेळा केलंय. त्या दिवशीही मनात आलं. आवार भरलेलं होतं, नुसतं 'रेटा रे' म्हणालो असतो तरी झालं असतं. पण बाबाने नको म्हटलं आणि मी हात जोडून बसून राहिलो. बाई, तुमच्या माणसाला बाबाने मारलं असेल, तर त्यात माझाही हात आहे."

 'जाऊ द्या' असं बाई म्हणाल्या नाहीत. मामाची तशी अपेक्षाही नव्हती.

"पुन्हा असं बसून राहू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

मावशी अजून गाडीला धरून उभी होती. "बाई," तिने विचारलं, "म्हणजे माझी पोर ह्यात नाही?"

"नाही मावशी."

"कुणाला अडवत नव्हती ती?"

"कधीच नाही. त्या नुसत्या तापलेल्या लोखंडाच्या गोष्टी होत्या."

मावशी खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. वर्षभर तिने लेकीची समजूत घातली होती. सोड गं, त्यांना जाऊ दे, कुणाचा जीव घेऊ नकोस. आपली गरीब स्वभावाची पोर मेल्यावर खुनी झाली, हे तिला एका माणसाने सांगितलं होतं आणि तिने ते मानलं होतं. त्या रडण्यापुढे मामाला आपला गुन्हाही लहान वाटला.

दरम्यान फुंकरबाबा फाटकाकडे सरकत होता. स्कूटरवाल्याने त्याला हटकलं, तेव्हा चेलाच आधी फुटला. बाबा पूर्वी मालमोटारींवर क्लीनर होता. चढावर तापून बसलेल्या गाडीला ओलं पोतं लावायची युक्ती तो तिथेच शिकला होता. बाईंनी तक्रार दिली, तिच्याखाली मामाने साक्षीदार म्हणून सही केली. पोलिसांनी बाबाला धरून नेलं आणि काही महिन्यांनी सोडलं. हल्ली तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात बंद पडलेल्या पंपांवर फुंकर मारतो, असं कानावर येतं. ह्या गावातही अशी माणसं आहेत की जी अजून म्हणतात, "त्या दिवशी बाबाची शक्ती कमी पडली, इतकंच."

पत्रा दुसऱ्याच दिवशी बसला. तळहाताएवढा तुकडा आणि दोन बोल्ट. बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. नंतर ती गाडी कधी अडली नाही. पण त्या वर्षातल्या फुल्या अकरा होत्या आणि त्यांतली चार माणसं घरी परतली नाहीत. थोडं आधी निघाली असती तर सगळी वाचली असती असं कुणी छातीठोक सांगणार नाही. एखादं वाचलं असतं, हे मात्र कुणी नाकारूही शकत नाही.

म्हणून वाचकहो, सांगायचं ते साधंच आहे. यंत्र अडतं तेव्हा त्याला कारण असतं, आणि कारण शोधायला फार मोठी विद्या लागत नाही. कधी अडतं, कधी अडत नाही, त्याआधी काय बदललं, एवढं विचारायची तयारी लागते. जो माणूस हे विचारू नका म्हणतो, हात लावू नका म्हणतो, त्याच्याकडे पाठ फिरवा आणि आधी गाडीला खांदा लावा. कारण आत स्ट्रेचरवर जो पडलेला असतो, त्याला चमत्काराची वाट बघायला वेळ नसतो.